इंग्रजी शब्द लिहायचा एक आणि उच्चारायचा दुसराच, असे का?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात चार मित्र चहाला बसले की गप्पांत तीन भाषा येतात. घरची मराठी, बाजारातली आणि कचेरीतली कन्नड, आणि नोकरीच्या अर्जातली इंग्रजी. त्या मंडळींत एकजण मराठी माध्यमात शिकलेला, एखादी मैत्रीण कन्नड माध्यमातली आणि तिसरा इंग्रजी शाळेतून आलेला असला, तर कधी ना कधी एखाद्या इंग्रजी शब्दावरून वाद निघतोच. बुधवारला ‘वेडनसडे’ म्हणायचे की ‘वेन्झडे’, कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ उच्चारायचा की नाही, ‘युनिव्हर्सिटी’च्या आधी ‘अ’ लावायचा की ‘ॲन’, असे ते प्रश्न असतात. वाद मैत्रीचाच असतो, परंतु ज्याचा उच्चार चुकीचा ठरतो तो पुढच्या वेळी, विशेषतः मुलाखतीत किंवा भरल्या वर्गात, तोंड उघडायला कचरतो. मला याचे फार वाईट वाटते, कारण या चुकांमागे आळस किंवा अज्ञान नसते. त्यांच्यामागे समजण्याजोगी कारणे असतात, आणि ती समजून घेण्यासाठी लागणारे बरेचसे ज्ञान आपण मराठी व्याकरणाच्या तासाला आणि शेजारच्या कन्नड बोलण्यातून आधीच मिळवलेले असते.

प्रथम एक साधे निरीक्षण. एस. टी. थांबते त्या ‘डेपो’चा उच्चार आपल्याकडे कोणीही चुकत नाही. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, त्याच्या शेवटी ‘टी’ लिहिलेला आहे आणि तो उच्चारायचा नसतो, हे ठाऊक नसलेला माणूससुद्धा ‘डेपो’ असेच म्हणतो. तसेच ‘कर्नल’ या शब्दाचे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल केंद्र बेळगावात आहे आणि आसपासच्या अनेक गावांत घरटी एखादा माणूस फौजेत गेलेला असतो, त्यामुळे ‘कर्नल’ आणि ‘लेफ्टनंट’ हे शब्द तिथल्या आजीबाईंनाही बिनचूक येतात. मात्र हेच शब्द एखाद्या हुशार विद्यार्थ्याने पहिल्यांदा पुस्तकात वाचले, तर तो ‘कोलोनेल’ आणि ‘लिउटेनंट’ असे वाचील, आणि त्याचे वाचन अक्षरांना धरूनच असेल. जो शब्द आपल्याकडे कानाने आला तो बरोबर बसला, जो डोळ्याने आला तो चुकला. इंग्रजी उच्चारांच्या बहुतेक अडचणी या एका फरकात सामावलेल्या आहेत.

हा फरक मराठी माणसाला अधिक जाचतो, कारण आपली लिपी ध्वनीशी इमान राखणारी आहे. देवनागरीत ‘क’ लिहिला की ‘क’ उच्चारायचा, ही सवय बालवाडीपासून हाडात मुरलेली असते. कन्नड लिपीही तशीच आहे. अपवाद आहेत, पण थोडे. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चारा’मधला ‘च’ आपण वेगवेगळे उच्चारतो आणि लिहितो मात्र एकाच अक्षराने. मराठी शिकणाऱ्या कन्नड मित्राला हे कोडे सुटता सुटत नाही. जी अडचण त्याला या एका अक्षरापुरती येते, ती इंग्रजीत पानोपानी येते. इंग्रजीत अक्षरे २६, आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारात वेगवेगळे ध्वनी सुमारे ४४ मोजले जातात. त्यांतले स्वरध्वनीच २० आहेत आणि ते लिहायला ए, ई, आय, ओ, यू ही पाचच अक्षरे, फार तर मदतीला वाय. साहजिकच एका अक्षराला अनेक कामे करावी लागतात.

परंतु केवळ अक्षरे कमी पडली म्हणून एवढा गोंधळ झाला नसता. त्यामागे इतिहास आहे. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्लंडमधल्या लोकांच्या बोलण्यातले दीर्घ स्वर हळूहळू सरकत गेले. त्याआधी वेळ या अर्थाचा ‘टाइम’ हा शब्द ‘टीम’च्या जवळ उच्चारला जाई, म्हणून तो ‘आय’ घालून लिहीत. ‘नेम’ हा शब्द ‘नाम’सारखा उच्चारला जाई, म्हणून त्यात ‘ए’. घर या अर्थाचा ‘हाउस’ म्हणजे ‘हूस’, आणि चंद्र या अर्थाचा ‘मून’ हा ‘मोन’च्या जवळचा. म्हणजे त्या काळचे इंग्रजी लेखन त्या काळच्या उच्चाराशी आपल्या देवनागरीइतके नसले, तरी बऱ्यापैकी जुळणारे होते. मग १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन यांनी वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला आणि इंग्रजी पुस्तके छापली जाऊ लागली. पुढच्या दोनशे वर्षांत छापील लेखन घट्ट होत गेले, आणि नेमक्या त्याच काळात बोलणे मात्र बदलत राहिले. आज आपण जे स्पेलिंग पाठ करतो, ते पुष्कळदा पाचशे वर्षांपूर्वीच्या उच्चाराचे लेखन असते.

न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांचा उलगडाही यातून होतो. चाकू या अर्थाच्या ‘नाइफ’मधला आणि जाणणे या अर्थाच्या ‘नो’मधला सुरुवातीचा ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जात होता. रात्र या अर्थाच्या ‘नाइट’मधली ‘जी-एच’ ही जोडी घशातून येणाऱ्या, ‘ख’च्या जवळच्या एका ध्वनीसाठी होती, जर्मन भाषेतल्या ‘नाख्ट’ या शब्दात तो ध्वनी आजही ऐकू येतो. इंग्रजीत तो कुठे पूर्ण लोपला आणि कुठे त्याचा ‘फ’ झाला. म्हणून ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरे ‘थ्रू’मध्ये ‘ऊ’, जरी या अर्थाच्या ‘दो’मध्ये ‘ओ’, ‘टफ’मध्ये ‘अफ’ आणि खोकला या अर्थाच्या ‘कॉफ’मध्ये ‘ऑफ’ होतात. याला नियम शोधण्यात वेळ घालवू नये. हे शब्द एकेक करून कानानेच घ्यावे लागतात.

काही अक्षरे तर कधीच उच्चारली गेली नव्हती. कर्जाचा ‘डेट’ फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. पुढे लॅटिनचा अभिमान बाळगणाऱ्या पंडितांनी मूळ लॅटिन ‘डेबिटम’ची आठवण राहावी म्हणून तो घातला. शंका या अर्थाच्या ‘डाउट’मधला ‘बी’ही असाच आला. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’मधला ‘एस’ तर गैरसमजातून आला आहे, कारण त्या जुन्या इंग्रजी शब्दाचा लॅटिन ‘इन्सुला’शी काही संबंधच नव्हता. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांना भेटणारे ‘न्युमोनिया’ आणि ‘सायकॉलॉजी’ हे ग्रीक घराण्यातले शब्द. ग्रीकमध्ये ‘प्न’ आणि ‘प्स’ अशी जोडाक्षरे शब्दाच्या आरंभी चालतात, इंग्रजी जिभेला ती झेपली नाहीत आणि ‘पी’ फक्त कागदावर राहिला. ‘कर्नल’ची हकिगतही अशीच सरळ आहे. इटालियन शब्दात ‘ल’ दोनदा येत होता, फ्रेंचांनी बोलताना त्यातल्या पहिल्या ‘ल’चा ‘र’ केला, इंग्रजीत दोन्ही रूपे काही काळ नांदली, आणि शेवटी लेखन ‘ल’वाल्या रूपाचे राहिले व उच्चार ‘र’वाल्या रूपाचा.

एक उदाहरण सीमाभागातल्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल. एक या अर्थाच्या ‘वन’ या शब्दात ‘डब्ल्यू’ लिहिलेलाच नाही, मग आरंभी ‘व’ कुठून आला? याच शब्दापासून बनलेल्या ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ या शब्दांत तो नाही. कारण असे की, इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या बोलींमध्ये शब्दाच्या आरंभीच्या ‘ओ’पूर्वी ओठ गोल होऊन ‘व’ची छटा येऊ लागली, आणि या एका शब्दापुरता तो बोलीतला उच्चार प्रमाण भाषेने स्वीकारला. आता कन्नड बोलणाऱ्या मित्राला एक ते दहा मोजायला सांगा. लिहिताना तो ‘ओंदु’ लिहील आणि म्हणताना ‘वोंदु’ म्हणेल. ‘एंटु’ लिहील आणि ‘येंटु’ म्हणेल. इंग्लंडमधल्या शेतकऱ्याच्या ओठांचे जे झाले, तेच धारवाड-बेळगावकडच्या कन्नड माणसाच्या ओठांचे होते. अशा बदलांना उच्चाराचा बिघाड समजणे योग्य नाही. त्यांतूनच भाषा घडत आलेल्या आहेत.

आता लिपीकडून जिभेकडे येऊ. प्रत्येक भाषा लहानपणीच आपल्या कानाला काही फरक ऐकायला शिकवते आणि काही फरकांकडे दुर्लक्ष करायला शिकवते. मराठी लिहिताना आपल्याकडे एकच ‘ए’ आहे, त्यामुळे लिहिण्याचा पेन आणि वेदना या अर्थाचा ‘पेन’ आपण सारखेच लिहितो आणि पुष्कळदा सारखेच उच्चारतो. ओले या अर्थाचा ‘वेट’ आणि थांबणे या अर्थाचा ‘वेट’, विकणे या अर्थाचा ‘सेल’ आणि विक्री या अर्थाचा ‘सेल’, परीक्षा या अर्थाचा ‘टेस्ट’ आणि चव या अर्थाचा ‘टेस्ट’, मिळवणे या अर्थाचा ‘गेट’ आणि टिळकवाडीतल्या रेल्वे फाटकाचा ‘गेट’ या सगळ्या जोड्यांत पहिल्या शब्दातला स्वर आखूड आहे आणि दुसऱ्यातला लांब, किंचित ‘एइ’कडे झुकणारा. मराठी विद्यार्थ्यांना हा फरक समजावून सांगताना शिक्षक दमतात.

आणि हाच फरक कन्नडमध्ये बाळबोध आहे. कन्नड वर्णमालेत ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, तसेच ‘ओ’चेही. ‘बेळे’ हा शब्द ऱ्हस्व ‘ए’ने म्हटला तर शेतातले पीक, आणि दीर्घ ‘ए’ने म्हटला तर वाण्याकडची डाळ. ‘केरे’ ऱ्हस्व असेल तर तळे, दीर्घ असेल तर धामण. बाजारात कन्नड बोलणारा कोणताही बेळगावकर मराठी माणूस हा भेद रोज ऐकतो आणि पुष्कळदा न कळत बरोबर उच्चारतोही. लिहिण्याच्या ‘पेन’मध्ये पिकाचा ‘ए’ आहे आणि वेदनेच्या ‘पेन’मध्ये डाळीचा, एवढे सांगितले की त्याला पुढचे सांगावे लागत नाही. पुणे-मुंबईच्या मराठी मुलाला ही सोय उपलब्ध नाही. सीमाभागातल्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवताना कन्नडची ही मदत घ्यावी, असे मला मनापासून वाटते. कन्नडविषयीचे राजकीय मतभेद आपल्या जागी आहेत, परंतु मुलाच्या कानावर बसलेला एक उपयोगी संस्कार त्यांच्यापायी वाया जाऊ नये.

देणे एकाच बाजूचे आहे असे मात्र नाही. मराठीने इंग्रजी शब्दांसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे घेतली, त्यामुळे आपल्याला ‘बॅट’, ‘बेट’ आणि ‘बट’ हे तीन शब्द वेगळे लिहिता आणि म्हणता येतात. कन्नड पाट्यांवर ‘बँक’ हा शब्द ‘ब्यांक’ असा आणि ‘कॉलेज’ हा शब्द ‘कालेजु’ असा लिहिलेला दिसतो, आणि कन्नड माध्यमातल्या मुलांना ‘ऑ’ आणि ‘आ’ यांतला फरक मुद्दाम शिकावा लागतो. शिवाय कन्नडमधले स्वतःचे शब्द बहुतेक स्वराने संपतात, म्हणून बोलताना ‘बस’ची ‘बस्सु’ आणि ‘कार’ची ‘कारु’ होते. मराठीत ‘घर’, ‘झाड’, ‘पाऊस’ असे व्यंजनावर थांबणारे शब्द रोजचेच असल्यामुळे आपल्याला तिथे अडचण येत नाही. दोन मित्र एकमेकांचे उच्चार ऐकून दुरुस्त करू लागले, तर एकाची उणीव दुसऱ्याच्या भाषेने भरून निघते.

काही ध्वनी मात्र दोन्ही भाषांत नाहीत. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचा फरक हा त्यांतला मोठा. आपला ‘व’ या दोहोंच्या मधोमध पडतो. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा घासत सोडावी लागते, ‘डब्ल्यू’साठी दातांचा संबंधच नाही, दोन्ही ओठ शीळ घालताना होतात तसे गोल करायचे. ‘स्वर’ किंवा ‘द्वार’ म्हणताना आपले ओठ गोल होऊ लागतात, ती जागा पकडली की पश्चिम या अर्थाचा ‘वेस्ट’ नीट येतो. मराठीत ‘व्ही’साठी ‘व्ह’ लिहिण्याची पद्धत आहे, ती लेखनासाठी सोयीची आहे, परंतु तिच्यातला ‘ह’ इंग्रजी उच्चारात नसतो.

‘टी-एच’साठी आपण ‘थ’ आणि ‘द’ वापरतो. आपला ‘थ’ म्हणताना जीभ दातांना चिकटून हवा पूर्ण अडवते. इंग्रजीत जिभेचे टोक दातांच्या फटीत हलकेच असते आणि हवा सतत वाहत राहते. आपले ‘ट’ आणि ‘ड’ जीभ मागे वळवून उच्चारायचे, इंग्रजीतले वरच्या हिरडीवर. हे दोन फरक राहिले तरी समोरच्याला शब्द कळतो, म्हणून त्यांची फार चिंता करू नये.

याउलट ज्याकडे आपले लक्षच जात नाही, असा एक फरक कधी कधी अर्थच बदलतो. इंग्रजीत टाचणी या अर्थाचा ‘पिन’ म्हणताना ‘प’मागून हवेचा छोटा झोत निघतो, तो जवळजवळ महाप्राण असतो. आपण तो शब्द अल्पप्राण ‘प’ने म्हणतो, आणि फोनवर इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला तो ‘बिन’ ऐकू येऊ शकतो. ‘कोट’चा ‘गोट’ होऊ शकतो. ‘स’नंतर मात्र हा झोत नसतो, ‘स्पिन’मधला ‘प’ अगदी आपल्यासारखा असतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून पाहिले तर ‘पिन’ला कपटा हलायला हवा, ‘स्पिन’ला नको. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला समजावून द्यावा लागतो, आपल्याला तो ‘काल’ आणि ‘खाल’ या शब्दांपासून माहीत आहे.

आता व्याकरणाकडे वळू, कारण मित्रांच्या वादात व्याकरण आणि उच्चार हे दोन वेगळे विषय समजले जातात आणि प्रत्यक्षात ते ठिकठिकाणी एकच असतात. भूतकाळ करताना क्रियापदाला ‘ई-डी’ लावायचा, हे सगळ्यांना पाठ असते. पण तो उच्चारायचा कसा? आपण सरसकट ‘वॉकेड’, ‘हेल्पेड’, ‘वॉशेड’ म्हणतो, कारण तसे लिहिलेले असते. खरे उच्चार ‘वॉक्ट’, ‘हेल्प्ट’, ‘वॉश्ट’ असे आहेत. ‘प्लेड’, ‘कॉल्ड’ आणि ‘ओपन्ड’ यांत ‘ड’ आहे. ‘वॉन्टिड’ आणि ‘नीडिड’ यांत ‘इड’ आहे. तीन वेगवेगळे उच्चार, लेखन एकच.

यामागचा नियम आपल्या वर्णमालेतच दिलेला आहे. क-वर्ग घ्या: क आणि ख अघोष, ग, घ, ङ घोष. गळ्यावर बोट ठेवून स्वर न लावता ‘स्’ लांबवला तर कंप लागत नाही, ‘म्’ लांबवला तर लागतो. हाच अघोष-घोष भेद. प्रत्येक वर्गातली पहिली दोन व्यंजने आणि श, ष, स ही अघोष. बाकीची व्यंजने आणि सर्व स्वर घोष. इंग्रजीतल्या ‘एफ’चा ध्वनीही अघोषांत धरावा. क्रियापदाचा शेवटचा ध्वनी अघोष असेल तर ‘ई-डी’चा ‘ट’ होतो, घोष असेल तर ‘ड’ राहतो, आणि क्रियापदच ‘ट’ किंवा ‘ड’वर संपत असेल तर दोन सारखे ध्वनी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये ‘इ’ येते. एके काळी हा प्रत्यय सगळीकडेच स्वरासह उच्चारला जात होता. पुढे तो स्वर गळाला, ‘क’ आणि ‘ड’ शेजारी आले, आणि अघोष ‘क’च्या संगतीत घोष ‘ड’ला टिकणे कठीण झाले.

हे वाचताना शाळेतला संधीचा तास आठवला असेल, तर ते योग्यच आहे. जगत् अधिक ईश म्हणजे जगदीश, वाक् अधिक देवी म्हणजे वाग्देवी: पुढे घोष ध्वनी आला म्हणून मागचा अघोष ध्वनी घोष झाला. विपद् अधिक काल म्हणजे विपत्काल: पुढे अघोष आला म्हणून मागचा ‘द’ अघोष झाला. व्याकरणात याला तृतीय आणि प्रथम व्यंजनसंधी म्हणतात. इंग्रजी ‘वॉक्ट’मध्ये हेच घडते, फक्त दिशा उलटी आहे, संस्कृत संधीत मागचा ध्वनी पुढच्याप्रमाणे बदलतो, इंग्रजीत पुढचा प्रत्यय मागच्या ध्वनीप्रमाणे बदलतो. मराठीतही ‘डाकघर’ घाईत म्हटले की ‘डागघर’ होते. जो विद्यार्थी ‘जगदीश’चा विग्रह करू शकतो, त्याला ‘ई-डी’चे तीन उच्चार पाठ करण्याची गरज नाही, तो ते स्वतः काढू शकतो.

अनेकवचनाच्या ‘एस’लाही हाच नियम लागू होतो. ‘बुक्स’ आणि ‘शॉप्स’मध्ये ‘स’, कारण क आणि प अघोष. ‘बॅग’ आणि ‘पेन’ यांचे अनेकवचन मात्र ‘बॅग्ज’, ‘पेन्ज’, आणि हा ‘ज’ ‘जागा’मधल्या दंततालव्य ‘ज’च्या जवळचा, फक्त जीभ कुठेही न टेकवता, घशात कंप ठेवून म्हटलेला ‘स’. ‘बस’, ‘वॉच’ असे शब्द स-श-च यांवर संपतात, म्हणून त्यांना ‘इज’ लागतो. हा दंततालव्य ‘ज’ मूळच्या कन्नड शब्दांत नाही, त्यामुळे इथे मराठी माणसाने ‘जागा’ हा शब्द कन्नड मैत्रिणीला म्हणून दाखवावा.

कायद्याच्या क्षेत्रातल्या वाचकांसाठी एक अपवाद सांगतो. न्यायालयात वकील प्रतिपक्षाच्या वकिलाचा उल्लेख ‘माय लर्निड फ्रेंड’ असा करतात. शिकला या अर्थाचे क्रियापद ‘लर्न्ड’, पण विद्वान या अर्थाचे विशेषण ‘लर्निड’, पूर्ण दोन अवयवांचे (अवयव म्हणजे शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, जसे ‘लर्-निड’). पवित्र या अर्थाच्या ‘सेक्रिड’मध्येही जुना स्वर असाच टिकून राहिला आहे.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांचा नियम शाळेत बहुधा असा सांगितला जातो की ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपूर्वी ‘ॲन’ लावावे. हे सांगणे अपुरे आहे आणि पुढच्या सगळ्या चुका त्यातून निघतात. नियम अक्षरांचा नसून ध्वनीचा आहे. पुढच्या शब्दाचा पहिला ध्वनी स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘युनिव्हर्सिटी’चा पहिला ध्वनी ‘य’, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन रुपी कॉइन’चा पहिला ध्वनी ‘व’, म्हणून तिथेही ‘अ’. तास या अर्थाच्या ‘अवर’मधला ‘एच’ मुका, म्हणून ‘ॲन अवर’. देवनागरीत तो शब्द लिहून पाहिला की उत्तर लगेच मिळते: पहिले अक्षर अ ते औ यांपैकी असेल तर ‘ॲन’. कर्नाटकातल्या दहावीची परीक्षा एस.एस.एल.सी., तिच्या आरंभी ‘ए’ ऐकू येतो, म्हणून ‘ॲन एस.एस.एल.सी. स्टुडंट’, त्यापुढची पी.यू.सी., आरंभी ‘प’, म्हणून ‘अ पी.यू.सी. स्टुडंट’. तलाठ्याकडचा जमिनीचा उतारा इंग्रजीत ‘ॲन आर.टी.सी.’ आणि आमदार ‘ॲन एम.एल.ए.’. ‘टी-एच-ई’ या शब्दाचाही उच्चार याच कसोटीवर बदलतो. व्यंजनापूर्वी तो ‘द’, स्वरापूर्वी ‘दि’.

शेवटी आघाताविषयी, कारण उच्चार शुद्ध असूनही आपले इंग्रजी परक्याला कळत नाही, तेव्हा पुष्कळदा चूक आघाताची असते. मराठीत आणि कन्नडमध्ये शब्दातले सगळे अवयव साधारण सारख्या जोराने येतात. इंग्रजीत एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे आक्रसतात. आक्रसलेल्या अवयवात कोणताही स्वर लिहिलेला असो, तो बहुधा आपल्या ‘अ’सारखा ऐकू येतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, पण छायाचित्रकार म्हणजे ‘फटॉग्रफर’, जोर ‘टॉ’वर, आणि ‘फो’चा ‘फ’ झालेला. भाजी या अर्थाचा शब्द चार अवयवांचा दिसतो, उच्चारात ‘व्हेज्टबल’ असे तीनच उरतात. ‘डेव्हलप’ नव्हे, ‘डिव्हेलप’. ‘हॉटेल’चा जोर पहिल्या नव्हे, दुसऱ्या अवयवावर. व्याकरणाचे कामही हा जोर करतो. नाम असेल तर ‘रेकर्ड’, जोर आरंभी; नोंदवणे हे क्रियापद असेल तर ‘रिकॉर्ड’, जोर नंतर. भेटवस्तू ती ‘प्रेझंट’, सादर करणे ते ‘प्रिझेंट’.

आघात कुठे आहे हे स्पेलिंगवरून कळत नाही, परंतु चांगल्या शब्दकोशात तो दाखवलेला असतो. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेने तयार केलेली उच्चारचिन्हे शब्दाशेजारी दिलेली असतात आणि जोराच्या अवयवाआधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. ती रेघ वाचायला एक संध्याकाळ पुरते. इंग्रजी पाठ्यपुस्तकात शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याची आपल्या मुलांची पद्धतही वाईट नाही; त्यात जोराच्या अक्षराखाली एक रेघ आणि आखूड ‘ए’वर एक टिंब एवढी भर घातली, तर तिच्या बहुतेक त्रुटी दूर होतात.

इतके करूनही काही वाद मिटणार नाहीत, कारण तिथे दोन्ही बाजू बरोबर असतात. वेळापत्रक या अर्थाचा शब्द ब्रिटनमध्ये ‘शेड्यूल’ आणि अमेरिकेत ‘स्केज्यूल’; ‘आयदर’ आणि ‘ईदर’ दोन्ही चालतात; ‘ऑफन’मधला ‘टी’ पूर्वी मुका मानला जाई, आता तो उच्चारून ‘ऑफ्टन’ म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि शब्दकोश दोन्ही उच्चार देतात. अशा शब्दावरून चहाच्या टेबलावर वाद निघाला, तर मोबाइलवर शब्दकोश उघडून दोन्ही उच्चार सर्वांना ऐकवावेत आणि मग पुढच्या शब्दाकडे जावे.